चित्रकलेचा तास आणि वस्तीतले मूल

दलित साहित्याच्या चळवळीने मराठी अभिरुचीला जाब विचारला, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. शरद पाटील यांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा प्रश्न मांडला, शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा. ही सारी चर्चा कथा, कविता आणि आत्मकथन यांच्याभोवती फिरली, ते स्वाभाविकही होते. परंतु सुंदर काय आणि ओंगळ काय हे माणूस कविता वाचून शिकत नाही. त्याच्या फार आधी, सहाव्या-सातव्या वर्षी, हातात रंगीत खडू येतो तेव्हाच त्याला ते शिकवले जाते. प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाकडे मात्र आपल्या समीक्षेने द्यावे तसे लक्ष दिलेले नाही. बिनमहत्त्वाचा तास म्हणून सारेच त्याच्याकडे पाहतात. ज्याच्यावर कोणाचा पहारा नाही तेथेच संस्कृती निर्धास्तपणे आपले काम उरकीत असते.

निसर्गचित्र हा या तासाचा कुलाचार. दोन डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, चारच्या आकड्यासारखे पक्षी, खाली नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड. कोकणातल्या मुलाने हे काढले तर एकवेळ समजता येईल. बीड-परभणीकडच्या मुलाच्या वहीत नारळ कोठून उगवतो? मुलाने ते पाहून काढलेलेच नसते, फळ्यावरून उतरवलेले असते. पण नारळाची गोष्ट किरकोळ आहे. या चित्रात माणूस नसतो, हे अधिक गंभीर. शेत हिरवेगार असते, निंदणारी बाई नसते. घर असते, पण एकच. एकच घर म्हणजे गाव नाही. गाव नाही म्हणून गावकूस नाही, आणि गावकूस नाही म्हणून त्याच्या बाहेरची वस्तीही नाही. जे मूल त्या वस्तीतून उठून शाळेत आले आहे, त्याने आपले घर पुसून टाकल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. आणि पुरे झाले की त्याला ‘छान’ असा शेरा मिळतो.

पुढच्या वर्गांत स्मरणचित्र येते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना तो स्वतंत्र विषयच असतो, पण त्याचे वळण खालच्या वर्गांतच लागते. बाजार, सण, पाणवठा हे नेहमीचे विषय. स्मरण म्हणायचे, तर कोणाचे? सण म्हटला की आकाशकंदील आणि मखर. १४ एप्रिलची मिरवणूक, निळे झेंडे, रात्री उशिरापर्यंत जागी असलेली वस्ती हे ज्या मुलाच्या डोळ्यांत साठलेले आहे, त्याला ते काढू नको असे कोणी सांगत नाही. काढ असेही कोणी सांगत नाही. पाणवठ्याचे तर विचारूच नये. घागरी घेतलेल्या तीन बायका काढायच्या. कोण कोठे उभी आहे, कोणाच्या घागरीत पाणी वरून ओतले जाते आहे, हा प्रश्नच उपस्थित करायचा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले ते इतिहासाच्या पुस्तकात असते. चित्रकलेच्या वहीपर्यंत ते पाणी पोचत नाही.

हस्तकलेच्या उपक्रमांत ‘टाकाऊपासून टिकाऊ’ याला अलीकडे मोठा मान आहे. कल्पना वाईट नाही. परंतु वर्गात घडते काय? आइस्क्रीमच्या काड्या आणायच्या, त्या न वापरलेल्या हव्यात, म्हणून त्या स्टेशनरीच्या दुकानातून पाकिटाने विकत घ्यायच्या. बाटली स्वच्छ हवी, पुठ्ठा कोरा हवा. म्हणजे टाकाऊ वस्तूसुद्धा ऐपतवाल्या घरातलीच चालते! ज्या मुलाची आई पहाटे पोते घेऊन बाहेर पडते, तिला पांढरा कागद, छापील कागद, पुठ्ठा, प्लास्टिकचे प्रकार, काच आणि पत्रा हे नुसत्या स्पर्शाने वेगळे करता येतात. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती अशाच, बहुतांशी दलित, बायकांच्या बळावर. वस्तूंचा पोत, जाडी, वजन, चकाकी यांचे जे ज्ञान चित्रकलेच्या शिक्षणाचा पाया मानले जाते, ते या बाईपाशी आहे. शाळेला तिचे पोते दिसते, तिचे ज्ञान दिसत नाही. तिचे मूल मात्र काड्यांचे पाकीट नाही म्हणून शेवटच्या बाकावर हात बांधून बसते.

यावर काही मित्र म्हणतील, मग वस्तीतली कारागिरीच वर्गात आणा. चामडे, बांबू, केरसुणी, माती यांना कलेचा दर्जा द्या. येथे आपण सावध राहिले पाहिजे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा, असा तिचा गाभा होता. पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी हे कुलपरंपरेचे शिक्षण आहे हे ओळखून तिच्यावर हल्ला चढवला. १९५४ साली राजाजी पायउतार झाले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना मागे घेतली गेली. ओमप्रकाश वाल्मीकींच्या ‘जूठन’मधला हेडमास्तर अशा कोणत्याही योजनेची वाट पाहत नाही. इतर मुले वर्गात शिकत असतात आणि तो या मुलाच्या हाती झाडू देऊन पटांगण झाडायला लावतो, कारण तो त्याचा घरचा धंदा! कार्यानुभवाची ही सर्वांत जुनी आवृत्ती म्हटली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ काम शिकावे असे म्हटले आहे. वाचायला ते गोड आहे. त्या दहा दिवसांत कोणाचे मूल कोणाकडे जाते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव नोंदवून ठेवावे. वकिलाचा मुलगा चांभाराच्या आरीपुढे बसला तर ते शिक्षण. चांभाराच्याच मुलाला तेथे बसवले तर त्याला वेगळे नाव आहे.

कातडे कमावणे हे रसायनशास्त्र आहे आणि ते सर्व जातींच्या मुलांना शिकवले पाहिजे. कांचा इलय्या यांनी श्रमप्रतिष्ठेवर मुलांसाठी लिहिलेले पुस्तक २००७ साली इंग्रजीत आले, ते याच दिशेने जाते. त्यातली चित्रे दुर्गाबाई व्याम या गोंड चित्रकर्तीची आहेत. तिनेच सुभाष व्याम यांच्यासह ‘भीमायन’ चितारले, ते २०११ साली प्रसिद्ध झाले. आपल्या शिक्षकांनी ते एकदा वर्गात न्यावे. बाबासाहेबांच्या बालपणीची तहान, बडोद्यात न मिळालेला निवारा हे प्रसंग त्यात आहेत. चित्रकथांत माणसे चौकटींत कोंबलेली असतात, तशी येथे नाहीत. गोंड नक्षीच्या वळणावळणांतून गोष्ट वाहत जाते. दयाळू माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, जातीचे विष ओकणाऱ्याचे बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात. दुसरीतल्या मुलालाही हे कळते, समजावून सांगावे लागत नाही.

याउलट वारलीचे काय झाले पाहा. कुडाच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची ही कला. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. शाळेत आली ती भेटकार्डाची किनार होऊन. त्रिकोणाला त्रिकोण जोडला की वारली झाला! त्या त्रिकोणी माणसांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हे किनार रंगवणाऱ्या मुलाला कळण्याची सोय नाही. (शिक्षकालाही क्वचितच असते, पण तो दोष त्याच्या एकट्याचा नव्हे.)

चित्रकलेसाठी माणूस तरी आहे का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही जेथे पट शंभराच्या वर आहे तेथे. पहिली ते पाचवीला तेवढीही नाही. तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, वस्तीशाळेच्या दोन शिक्षकी शाळेत चित्रकला शिकवतो तोच मास्तर गणित शिकवतो आणि पोषण आहाराची नोंदवही भरतो. त्याच्याकडे रंग नसतील, खडू आणि फळा असतो. शुक्रवारी शेवटच्या तासाला त्याने फळ्यावर दोन डोंगर काढण्याऐवजी मुलांना एवढेच विचारावे, की आज सकाळी तुमच्या घरी पाणी कोणी भरले, कोठून भरले, आणि तेथे रांगेत पुढे कोण होते. आणि मग फळा पुसून त्यांना काढायला सांगावे.