शिनाँचा नाताळ

नाताळच्या दिवसांत पाहावयाचे चित्रपट म्हटले की गव्हाणी, मेंढपाळ आणि शुभ्र बर्फ डोळ्यांपुढे उभे राहतात. ‘द लायन इन विंटर’ या १९६८ सालच्या चित्रपटातही नाताळ आहे आणि बर्फही आहे. पण तो घंगाळात आहे. सकाळी उठून राजाला तोंड धुण्यापूर्वी तो हाताने फोडावा लागतो.

कथा ११८३ सालची. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री फ्रान्समधील शिनाँच्या किल्ल्यात सणासाठी कुटुंबाला एकत्र बोलावितो. राणी एलिनॉर तेवढ्यापुरती कैदेतून सुटून नावेने येते. मुलांना बापाविरुद्ध उठविल्याबद्दल दहा वर्षे ती बंदिवासात आहे. थोरला मुलगा त्याच वर्षी वारला आहे. उरलेल्या तिघांपैकी आईला रिचर्ड गादीवर हवा आहे, बापाला धाकटा जॉन. शिवाय फ्रान्सचा तरुण राजा फिलिप आपल्या बहिणीचा, अ‍ॅलीसचा, जाब विचारावयास आला आहे. ती रिचर्डची वाग्दत्त वधू. परंतु हेन्रीच्याच दरबारात वाढून आता त्याची प्रेयसी झालेली. असा मेळावा शिनाँला प्रत्यक्षात भरला नव्हता. नाटककार जेम्स गोल्डमन यांनी तो कल्पिला आणि पटकथाही त्यांनीच लिहिली. माणसे मात्र इतिहासातील आहेत आणि बापलेकांचे वैरही.

आम्हांला हा चित्रपट राज्याचा वाटतच नाही. तो वाटणीचा आहे. आक्वितेन कोणाला, वेक्साँ कोणाला, यावर रात्रभर घासाघीस चालते आणि प्रत्येकाला विचारावयाचे असते ते वेगळेच: तुमचे माझ्यावर प्रेम होते की नाही? हा प्रश्न सर्वांत जास्त टोचतो तो मधल्या जेफ्रीला. त्याला गादी द्यावी असे आईबापांपैकी कोणाच्या मनातही येत नाही. तो हुशार आहे, थंड आहे, सर्वांना एकमेकांविरुद्ध खेळवितो. त्याचे कपट पाहून राग येतो, आणि मग ध्यानात येते की या घरात त्याला दुसरे काही शिकविलेच गेले नाही. जॉन कासल यांनी हे फार थोड्या हालचालींत दाखविले आहे. अँथनी हॉपकिन्स यांच्या रिचर्डची वाखाणणी पुष्कळ झाली. आमची नजर मात्र कोपऱ्यात उभ्या असलेल्या जेफ्रीकडेच वळत राहते.

एक भाग आपल्या वाचकांना खटकेल. हेन्री रोमला जाऊन आपला विवाह रद्दबातल ठरवून घ्यावयास निघतो. त्याला अ‍ॅलीसकडून नवे मुलगे हवे आहेत. एलिनॉर तरी काय म्हणणार? तिचा पहिला विवाह, फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याशी झालेला, ११५२ साली नात्याच्या कारणावरून असाच रद्द झाला आणि दोन महिन्यांच्या आत तिने हेन्रीशी लग्न लावले. येथे विवाहसंस्काराची थट्टा केली आहे असे आम्हांला वाटत नाही. बोहल्यावरचे वचन केवळ कागद मानले, की पुढचा हिशेब कोठे जातो, ते दाखविले आहे. तो हिशेब अ‍ॅलीसच सांगते: माझे मूल जगावयाचे असेल तर या तिघांना जन्मभर कोंडावे लागेल. हेन्री मुलांना तळघरात कोंडतो, तलवार उगारतो, आणि त्याचा हात खाली येत नाही. याच हेन्रीच्या संतापाच्या शब्दांवरून संत थॉमस बेकेट यांची कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये हत्या झाली, तीही २९ डिसेंबर ११७० रोजी, नाताळनंतर चौथ्या दिवशी. पीटर ओटूल यांनी ‘बेकेट’ (१९६४) मध्ये हाच हेन्री रंगविला होता. ते ज्याला आठवते, त्याला तळघरातील तो थबकलेला हात अधिक जड वाटेल.

दोष आहेतच. सगळेच एकसारखे चतुर बोलतात, भोळी अ‍ॅलीसही. मध्यंतरी डावपेच इतके उलटेपालटे होतात की कंटाळा येतो. आणि बाराव्या शतकातील या नाताळात प्रार्थनेला जवळजवळ जागाच नाही. ती आहे फक्त जॉन बॅरी यांच्या संगीतातील लॅटिन वृंदगानात.

तरीही कॅथरीन हेपबर्न यांच्यासाठी चित्रपट पाहावा. आरशापुढे दागिने चढवीत स्वतःचा म्हातारा चेहरा निरखणारी त्यांची एलिनॉर विसरता येत नाही. त्या तेव्हा साठीच्या घरात होत्या आणि ओटूल जेमतेम पस्तिशीचे. हे अंतर पडद्यावर कोठेही जाणवत नाही. त्या वर्षीचे ऑस्कर त्यांना बार्बरा स्ट्रायसँड यांच्याबरोबर विभागून मिळाले.

शेवटी नाव पुन्हा कैदेकडे निघते. एलिनॉर विचारते, ईस्टरला सोडाल ना? हेन्री होकार देतो आणि दोघेही हसत सुटतात. इतिहासातील हेन्री ११८९ साली याच शिनाँला वारला. आपल्यावर उलटलेल्यांच्या यादीत लाडक्या जॉनचे नाव त्याने मरण्यापूर्वी ऐकले होते.

चित्रपट सव्वादोन तासांचा आहे. लहान मुलांना तो दाखवू नये. ज्या घरात वाटणीचा विषय निघण्याच्या बेतात आहे, तेथील वडीलधाऱ्यांनी आधी एकट्याने पाहावा.