तीन झाडे आणि तेरेखोलचा तट

युरोपातील निसर्गदृश्यांच्या अम्लरेखनाविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात तंत्राचे कौतुक फार आणि पाहणाराचा विचार कमी. तांब्याच्या पत्र्यावर मेणराळेचा लेप द्यावयाचा, सुईने रेघ ओढून तांबे उघडे करावयाचे आणि ती रेघ आम्लाकडून खाववायची, एवढेच ते तंत्र. एका पत्र्यातून अनेक ठसे निघत. म्हणूनच ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही अशा आम्स्टरडॅमच्या नागरिकालाही आपल्या घरी एखादे भूदृश्य बाळगता आले. सतराव्या शतकातील डच समाजाचे हे मोठेच स्थित्यंतर होय.

रेम्ब्रांटचे १६४३ मधील ‘तीन झाडे’ हे चित्र पाहावे. वादळाच्या तिरप्या सरी आहेत, दूरवर शहर आहे. पण गळ टाकून बसलेला मनुष्य, झुडपाच्या काळोखात दडलेले प्रेमिक आणि टेकाडावर रेखाटन करीत बसलेला चित्रकार, हे सारे त्या भूमीतच आहेत. पाहणारा तेथे चित्राबाहेर उरत नाही.

हीच कला आपल्या किनाऱ्यावर आली तेव्हा पाहणारा बदलला. सवाई माधवरावांचे चित्र काढणारा जेम्स वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची मुंबई बेटाची बारा दृश्ये १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. रेघ सुबक, रंग सौम्य. त्यांतील माणसे लहान आहेत ही तक्रार आम्ही करणार नाही. रेम्ब्रांटची माणसे तरी कोठे मोठी आहेत? परंतु ती आपापल्या उद्योगात गढलेली आहेत. वेल्सची माणसे देखाव्यासाठी उभी केल्यासारखी वाटतात.

हा भेद तेरेखोलला चटकन उमगावा. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. तटावरून नदीचे मुख आणि पलीकडील केरीची वाळू एका दृष्टिक्षेपात येते. दृश्य अप्रतिम खरे, पण ती तोफेची जागा! केरीहून फेरीबोटीने येणाराला तोच किल्ला खालून, मान वर करून पाहावा लागतो. वेल्सची दृश्ये, आमच्या मते, तटावरची आहेत.

पुढे १८२६ च्या सुमारास मुंबईचे रस्ते आणि इमारती शिळाछापावर उतरविणारा गोन्साल्विस हा गोमंतकीय म्हणून ओळखला जातो. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र अशी चित्रे विकत घेणारे बहुधा साहेबलोकच होते, आणि हात आपला झाला तरी नजर गिऱ्हाइकाची राहू शकते.

आमच्या शाळेतील मुले तेरेखोल काढतात तीही छापील छायाचित्रांच्या नमुन्याबरहुकूम, उंचावरून. फेरीबोटीत बसून काढलेला किल्ला अद्याप एकानेही आणून दाखविलेला नाही.