वसई मोहिमेच्या लेखनातील साहाय्ययाचना
वसईच्या मोहिमेसंबंधीचे (१७३७-३९) मराठी लेखन बहुधा इतिहासाचे साधन म्हणूनच वाचले जाते. साहाय्य कसे मागावे याचा जो पाठ त्यात आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. 'साष्टीची बखर' या दृष्टीने विशेष लक्षणीय होय. अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे केवळ गाऱ्हाणे घेऊन जात नाहीत. पोर्तुगीज अमलाखालील मुलखाची माहिती आणि स्थानिक माणसांचे पाठबळ ते सोबत नेतात. याचकाने आधी स्वतःचे श्रम पुढे ठेवावे, मग दात्याचे मागावे, हा संकेत येथे सहजच पाळला गेला आहे. याउलट बाजीरावाचे ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेले कर्जविषयक पत्र पाहावे. सावकारांच्या पायां पडून कपाळाची कातडी झिजली, असे तो कळवितो. आर्जव हृदयद्रावक खरेच. पण ज्यांना लिहावयाचे ते स्वामीही धनकोच, त्यामुळे त्यात विनंतीपेक्षा सबब अधिक. बखरीचा दोष निराळा. ती अंजूरकरांच्या पक्षाची असल्यामुळे मागणाऱ्याची थोरवी तीत देणाऱ्याच्याही वर चढते. तथापि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर जी विजयवर्णने रूढ झाली, त्यांत चिमाजी अप्पा उरतात आणि वाट दाखविणारी माणसे पार मागे पडतात. तेव्हा बखरकाराचा हा पक्षपात सर्वस्वी टाकून देता येत नाही.