खेळावरचे प्रेम आणि करारातले एक वाक्य

न्यायालयाचे निकालपत्र कोणी समीक्षेसाठी हाती घेत नाही. मी ज्या निकालपत्राविषयी लिहिणार आहे, त्याने मात्र समीक्षेला आपणहून बोलावणे धाडले आहे. १९ जून १९७२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कर्ट फ्लड या बेसबॉलपटूचा दावा पाच विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. बहुमताचा निकाल न्या. हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिला. त्याच्या पहिल्या भागात कायदा जवळजवळ नाहीच. १८४६ साली होबोकेनच्या मैदानावर झालेला सामना, १८६९ चा सिनसिनाटीचा पहिला व्यावसायिक संघ, १८७६ ची नॅशनल लीग असा इतिहास येतो आणि मग बेब रूथ, टाय कॉब, लू गेरिग, जॅकी रॉबिन्सन अशी ऐंशीहून अधिक नावांची माळ येते. खेळावरच्या कवितांचाही उल्लेख येतो. मेल ऑट या फलंदाजाचे नाव राहून गेले, याची ब्लॅकमन यांना पुढे खंत वाटत असे.

या भागाची पुष्कळ थट्टा झाली आहे. एका रसिक न्यायमूर्तींचा हळवा विरंगुळा म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात. माझे म्हणणे वेगळे आहे. हा भाग निकालाची सजावट नाही. निकालाच्या युक्तिवादात जी जागा रिकामी राहते ती भरण्याचे काम तो करतो. खेळाडू आणि संघमालक यांच्यातल्या भांडणात खेळावरचे प्रेम कोणाच्या बाजूने साक्ष देते, हे समजून घ्यायचे तर या निकालपत्रासारखा दुसरा नमुना नाही.

आधी भांडण काय होते ते पाहू. फ्लड सेंट लुइस कार्डिनल्सचा मधल्या मैदानाचा क्षेत्ररक्षक होता. या संघाकडून तो बारा हंगाम खेळला, सलग सात वर्षे क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' त्याला मिळाला आणि १९६४ व १९६७ च्या वर्ल्ड सिरीज विजयात त्याचा वाटा होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्याला न विचारता इतर काही खेळाडूंसह फिलाडेल्फियाला देऊन टाकले. हे कायदेशीर होते, कारण करारात 'रिझर्व्ह क्लॉज', म्हणजे राखीव कलम होते. १८७९ साली मालकांनी प्रत्येक संघापुरते पाच खेळाडू राखून ठेवण्याचा गुप्त समझोता केला, तिथे त्याचे मूळ आहे. पुढे ते प्रत्येक खेळाडूच्या करारात आले. खेळाडूने नवा करार केला नाही, तर जुनाच करार त्याच अटींवर एक वर्षाने वाढवण्याचा हक्क संघाला होता. वाढवलेल्या करारातही हेच कलम असणार, म्हणून तो पुन्हा वाढवता येणार, असा मालकांचा अर्थ. एका वर्षाचा करार अशा रीतीने जन्मभराचा होई. खेळाडूला दोनच वाटा उरत: मालक पाठवील तिथे खेळायचे, नाही तर खेळ सोडायचा.

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहिले. ते मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी त्याच्या संयमाचे नवल वाटते. इतकी वर्षे खेळल्यावर आपण इच्छा विचारात न घेता विकण्या-घेण्याची मालमत्ता नाही, असे तो म्हणतो. फिलाडेल्फियाचा प्रस्ताव आपल्याला मिळाला आहे, पण इतर संघांचे प्रस्ताव ऐकण्याचाही आपल्याला हक्क आहे, तेव्हा १९७० च्या हंगामासाठी मी उपलब्ध आहे हे सर्व संघांना कळवावे, एवढीच मागणी. जास्त पैसे तो मागत नाही. कुन यांचे उत्तरही वाचण्याजोगे आहे: तुम्ही माणूस आहात, मालमत्ता नाही, हे मान्य, पण त्याचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध काय?

नंतर दूरचित्रवाणीवर, वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणारा कसला गुलाम, अशा अर्थाचा प्रश्न आला तेव्हा फ्लड म्हणाला की भरपूर पगाराचा गुलाम हाही गुलामच असतो. हे वाक्य गाजले. मला मात्र ते पत्रापेक्षा दुबळे वाटते. कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडून ते का आले हे समजते. पण त्याने वादाचा रोख पगाराच्या आकड्याकडे गेला आणि मालकांना तेच हवे होते. पत्रात आकडा नव्हता, हक्क होता.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात साक्षी झाल्या. खेळाडूंच्या संघटनेने फ्लडचा खर्च उचलला होता. संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर पूर्वी पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ होते. दावा हरण्याचीच शक्यता जास्त, आणि जिंकलास तरी तुझ्या पदरात काही पडणार नाही, असे त्यांनी फ्लडला आधीच बजावले होते. साक्षीला त्या वेळी खेळणारा एकही खेळाडू आला नाही. आले ते निवृत्त: जॅकी रॉबिन्सन, हँक ग्रीनबर्ग, जिम ब्रॉस्नन. माजी संघमालक बिल वीकही आले. हे कलम एकतर्फी मालकांच्या फायद्याचे आहे, ते बदलले पाहिजे, असे रॉबिन्सन यांनी सांगितले.

आता पुन्हा ब्लॅकमन यांच्या यादीकडे वळू. रॉबिन्सन त्या यादीत आहेत. ग्रीनबर्गही आहेत. ज्या दोघांनी याच दाव्यात फ्लडच्या बाजूने साक्ष दिली, ते निकालपत्रात बेसबॉलच्या वैभवाचे अलंकार म्हणून येतात. त्यांचे नाव घेतले गेले, म्हणणे मात्र मानले गेले नाही.

यादीत आणखी कोण आहे? चार्ल्स कोमिस्की, क्लार्क ग्रिफिथ आणि कॉनी मॅक. तिघेही आधी खेळाडू होते हे खरे, पण नंतरची दशके त्यांनी संघांचे मालक म्हणून काढली. खेळाडू, मालक, पंच, पत्रकार सगळे एका ओळीत उभे आहेत, जणू एकाच दिंडीतले वारकरी. एड राउश यांचेही नाव आहे. पगाराच्या वादापायी १९३० चा अख्खा हंगाम हा खेळाडू घरी बसला होता. यादीला त्याच्याशी कर्तव्य नाही. राखीव कलमाचा उदय, १८८५ ची खेळाडूंची ब्रदरहूड संघटना, १८९० ची खेळाडूंनी उभारलेली स्वतंत्र लीग, हे सगळे ब्लॅकमन यांना ठाऊक आहे. पण ते रविवारच्या सामन्यांची सुरुवात आणि होमरनचा जमाना यांच्या शेजारी, रंगतदार गतकाळाच्या आठवणी म्हणून येते. ज्या कलमावर दावा उभा आहे तेच स्मरणरंजनाचा एक तुकडा होते. संघर्षाचा इतिहास अशा रीतीने खेळाचा इतिहास होऊन जातो.

या वाचनावर एक रास्त आक्षेप आहे, तो टाळता येणार नाही. सरन्यायाधीश बर्गर आणि न्या. व्हाइट यांनी निकालाला संमती दिली, पण पहिल्या भागाला दिली नाही. म्हणजे यादी वगळूनही निकाल तोच लागला असता. कायद्याचा आधार वेगळाच होता. १९२२ मध्ये न्या. होम्स यांनी बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही, असे ठरवले होते. १९५३ मध्ये न्यायालयाने ते कायम ठेवले. इतक्या वर्षांची सवलत काढायची तर ती काँग्रेसने काढावी, आम्ही नाही, अशी १९७२ ची भूमिका.

पण इथेच निकालाची अडचण आहे. १९५५ मध्ये मुष्टियुद्धाला आणि १९५७ मध्ये फुटबॉलला ही सवलत याच न्यायालयाने नाकारली होती. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार आहे, त्याची सवलत विसंगत आहे, हे ब्लॅकमन स्वतः लिहितात. मग जी विसंगती एका खेळाला आहे आणि दुसऱ्याला नाही, ती टिकवायची कशासाठी? पूर्वनिर्णयाचा आदर हे उत्तर अपुरे आहे, कारण ते सवलतीचे वय सांगते, तिची योग्यता सांगत नाही. हा खेळ इतरांपेक्षा निराळा आहे, ही भावना कुठून तरी यावी लागते. ती पहिल्या भागातून येते. बर्गर आणि व्हाइट यांनी त्या भागावर सही केली नाही, पण त्याच्याजागी दुसरे कारणही दिले नाही.

या यादीची सर्वांत नेमकी समीक्षा त्याच दिवशी, त्याच न्यायालयात झाली. न्या. डग्लस १९५३ च्या बहुमतात होते. ती आपली चूक होती असे त्यांनी मान्य केले. बेसबॉल आता बिअर आणि प्रसारण यांच्यासह बांधून विकला जाणारा मोठा धंदा आहे, आणि जुन्या निकालाचे लाभार्थी रूथ, कॉब, गेरिग नाहीत, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. ब्लॅकमन यांच्या माळेतलीच तीन नावे त्यांनी उचलली आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न विचारला. बिअरचा उल्लेख उगाच नव्हता. सेंट लुइसचा संघ बिअर बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि तिचे समभाग असल्यामुळे न्या. पॉवेल सुनावणीतून बाजूला झाले होते. न्या. मार्शल यांनी आपल्या भिन्न मतात गुलामीच्या उपमेला स्पर्श केला आणि लगेच नेमके बोट ठेवले: फ्लडला बांधले होते ते राखीव पद्धतीने.

ती पद्धत मोडली तीन वर्षांनी, आणि ती एका निरस वाचनाने. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या गोलंदाजांनी १९७५ मध्ये नव्या करारावर सही केली नाही. हंगाम संपल्यावर आपण मोकळे आहोत असा त्यांचा दावा. लवाद पीटर साइट्झ यांनी करारातले ते एक वाक्य वाचले: करार एक वर्षाने वाढवता येईल. एक वर्ष म्हणजे एक वर्ष, असा त्यांनी निकाल दिला. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ कामावरून दूर केले. पुढे न्यायालयांनी निकाल कायम केला आणि १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा होईल, असे ठरले.

ब्लॅकमन यांनी खेळावर प्रेम केले आणि करार तसाच ठेवला. साइट्झ यांनी करार वाचला. हा फरक महत्त्वाचा, पण यश केवळ वाचनाचे नाही. तक्रारी तटस्थ लवादाकडे नेण्याचा हक्क संघटनेने १९७० च्या करारात मिळवला होता. एप्रिल १९७२ मध्ये, फ्लडचा निकाल यायच्या आधी, निवृत्तिवेतनासाठी खेळाडूंनी १३ दिवसांचा संप केला आणि ८६ सामने कायमचे बुडाले. वाक्य आधीपासून तिथे होते. ते तटस्थ माणसापुढे वाचायला ठेवण्याची ताकद संघटनेने आणली.

फ्लडला यातले काही मिळाले नाही. १९७० चा हंगाम त्याने गमावला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळून तो निघून गेला आणि जानेवारी १९९७ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या नावाचा कायदा झाला आणि बेसबॉलपटूंच्या नोकरीच्या अटींपुरती ती जुनी सवलत संपली.

हे सारे आपल्यापासून दूरचे वाटेल. पण २००८ पासून आपण क्रिकेटपटूंचा लिलाव कौतुकाने पाहतो आणि कोणत्या संघाने कोणाला 'राखले' याची चर्चा करतो. आयपीएलचा खेळाडू लिलावात स्वतः नाव नोंदवतो, त्याच्या कराराला मुदत असते. फ्लडची स्थिती त्याच्यावर लादता येणार नाही. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची जी संघटना अस्तित्वात आली ती निवृत्तांची आहे. आज मैदानावर असलेल्यांची संघटना नाही. आपल्यालाही नावांच्या याद्या तोंडपाठ आहेत, आणि त्या म्हणताना आपला ऊरही भरून येतो. त्या खेळाडूंच्या करारात काय लिहिले आहे, हे मात्र आपण कधी विचारलेले नाही.