खेळातली गोळी आणि खेळातली जखम

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर चार मुले मोबाइलमध्ये डोकी घालून बसलेली दिसली, की बहुधा ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ चालू असतो. 2020 मध्ये बंदी आलेल्या ‘पबजी मोबाइल’चा हा 2021 मधला भारतीय अवतार. साधारण शंभर खेळाडू, चौघांची एकेक तुकडी. शेवटपर्यंत टिकेल ती जिंकली.

खेळ सोपा नाही. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते. साथीदाराला शत्रूची दिशा आणि अंतर नेमके सांगावे लागते. त्यातले भौतिकशास्त्रही बरेचसे प्रामाणिक आहे. गोळीला लक्ष्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. एकेएम रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे 715 मीटर वेगाने सुटते. हवेचा विरोध सोडला, तर 400 मीटरला 0.56 सेकंद लागतात. तेवढ्यात ती दीड मीटर खाली येते. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला याहून जिवंत उदाहरण कोणते?

जीवशास्त्र मात्र साफ खोटे आहे. गोळी लागलेला खेळाडू प्रथमोपचाराची पेटी वापरून काही सेकंदांत पळू लागतो. खरी गोळी ऊती फाडते, हाड फोडते. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो. वाचला तरी बरे व्हायला महिने लागतात. सैनिक टाकळीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी मुलांना हे कळायला हवे.

म्हणून खेळाला नुसती नावे ठेवू नका. वर्गात गोळीचे गणित सोडवून घ्या आणि मग विचारा, जखम भरायला खरोखर किती दिवस लागतात?