चुंबकाला दाद न देणारा चिमटा

मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरला जाणारा टायटॅनियमचा बायोनेट चिमटा पहिल्यांदा उचलताना हात फसतो. डोळ्यांनी धातू पाहिलेला असतो, बोटं पोलादाच्या वजनाला तयार असतात आणि चिमटा अलगद, अंदाजापेक्षा जरा जास्तच वर येतो. पोलाद पाण्याच्या जवळजवळ पावणेआठपट जड, टायटॅनियम साडेचारपट. त्याच आकाराचा चिमटा चाळीसेक टक्क्यांनी हलका होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास एकाच जागी स्थिर राहणाऱ्या मनगटाला या हलकेपणाची किंमत विचारावी.

त्याचा आकार बंदुकीच्या संगिनीसारखा, मध्येच दोनदा वळलेला. त्यामुळे धरणारी बोटं नजरेच्या वाटेतून बाजूला राहतात आणि टोक उघडं दिसतं. ही रचना टायटॅनियमच्या आधीची, पण तिच्यावर चढलेला निळा रंग मात्र अस्सल टायटॅनियमचा. हा रंग लावलेला नसतो. विद्युतप्रवाहाने धातूच्या अंगावरचा ऑक्साइडचा पातळ थर वाढवतात आणि त्या थरात प्रकाश साबणाच्या फुग्यावर खेळतो तसा खेळतो. विद्युतदाब बदलला की थराची जाडी बदलते, जाडीबरोबर रंग. रंगद्रव्याचा एक कणही न वापरता आलेला हा निळा मला फार आवडतो.

पण या चिमट्याचा खरा गुण दिसत नाही. तो चुंबकाजवळ गेल्यावर कळतो.

एमआरआयचं चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजारपट. तपासणी संपली म्हणून ते बंद होत नाही. रात्रंदिवस जागं असतं. जानेवारी २०१८मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन खोलीत शिरलेला रुग्णाचा नातेवाईक सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या हत्यारांचं पोलादही याच जातीचं. पाणी देऊन कडक केलेलं, धार धरणारं आणि म्हणूनच चुंबकाच्या हाकेला ओ देणारं.

बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात १९९४मध्ये दोन कड्यांसारख्या चुंबकांच्या मधल्या फटीत उभं राहून शस्त्रक्रिया करण्याची सोय झाली. चुंबक अर्ध्या टेस्लाचं, आणि शल्यविशारद त्याच्या ऐन क्षेत्रात. तिथे पोलादी चिमटा चालणारच नव्हता. आता काही ठिकाणी चुंबकच छतावरच्या रुळांवरून रुग्णापाशी आणतात. गाठ कितपत निघाली हे कवटी बंद करण्याआधी पाहता येतं. ही सोय किती मोठी, हे दुसऱ्यांदा कवटी उघडावी लागलेल्या रुग्णाच्या घरच्यांना सांगावं लागत नाही.

लोखंडात अणूंचे इवलेसे चुंबक पलटणीसारखे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. टायटॅनियममध्ये अशी रांग लागत नाही. चुंबकाची ओढ त्यालाही असते, पण इतकी क्षीण की हाताला ती जाणवत नाही. याचा एक लाभ तर चुंबकाच्या खोलीबाहेरही मिळतो. पोलादी चिमट्यात हळूहळू चुंबकत्व मुरतं आणि केसाहून बारीक धाग्याची सुई टोकाला चिकटू लागते. टायटॅनियमचा चिमटा सोडायच्या क्षणी सुई सोडतो.

आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. एमआरआयच्या चुंबकातली अतिवाहक तार नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. वजनाने जवळजवळ निम्मं टायटॅनियम. द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर ती तार ते प्रचंड क्षेत्र उभं करते आणि त्याच क्षेत्रात तोच धातू चिमटा होऊन शांत राहतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडतं. त्याच्या कणात लोह आणि टायटॅनियम एकत्र नांदतात, आणि इतर वाळूतून ते वेगळं काढायला चुंबकच वापरतात. लोहाची सोबत सुटल्यावर जे उरतं, ते चुंबकाला दाद देत नाही.

उणिवाही आहेत. टायटॅनियमला पोलादाची धार येत नाही, आली तरी टिकत नाही. दोन पृष्ठभाग घासले की एकमेकांना धरतात, म्हणून कात्रीचा सांधा जपावा लागतो. शिवाय अचुंबकीय म्हणजे सर्वस्वी निर्धोक नव्हे. धातू वीज वाहतो, रेडिओलहरींनी तापू शकतो, प्रतिमेत आपल्याभोवती काळा डाग सोडतो. पोलादापेक्षा खूप लहान, पण सोडतो. म्हणून अशा हत्यारांवर हिरवा चौकोन नव्हे, अटी सांगणारा पिवळा त्रिकोण असतो. चुंबकाच्या खोलीत काम करणाऱ्यांनी निळ्या रंगावर विसंबू नये, तो त्रिकोण आणि त्याखालच्या अटी वाचाव्यात.

कात्री निवडायची तर मी आजही पोलादाची निवडेन. चिमटा मात्र टायटॅनियमचाच.