६१७४ : जादूच्या पुढे काय?

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ या संख्येचा एक गुणधर्म मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरामुळे तो जगभर पोचला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातल्या बऱ्याच लेखनाबद्दल आमची एक तक्रार आहे.

गुणधर्म असा : सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

बरेच लेख 'जादुई संख्या' म्हणून येथेच थांबतात. वर ६१७४ = १८ + १८² + १८³ असली, मूळ गुणधर्माशी संबंध नसलेली भर घालतात. महत्त्वाची अट मात्र गाळतात : उत्तर ९९९ आले तर ते ०९९९ असेच लिहायचे. नाहीतर पुढची वजाबाकी शून्य येते आणि 'जादू' फसते. विद्यार्थी थक्क होतो, पण 'असे का?' हा प्रश्न तसाच राहतो.

वास्तविक उत्तर आठवीच्या बीजगणितात आहे. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ मानले, तर

वजाबाकी = ९९९(क − घ) + ९०(ख − ग).

(क − घ) ही किंमत १ ते ९ असते; (ख − ग) ही ० पासून (क − घ) पर्यंतच. म्हणजे शक्यता २ + ३ + … + १० = ५४. हजारो संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांवर येतात! ती तपासली की सिद्धता पुरी झाली. पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत काय किंवा मुंबईच्या, खडू-फळा आणि ५४ उदाहरणे वाटून घेणारा वर्ग एवढे पुरे.

दुसरे टोक हार्डींचे. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ८७१२ = ४ × २१७८ यांसारख्या गमती कोड्यांच्या सदरापुरत्या ठरवल्या; त्यांतून व्यापक असे काही निघत नाही, हा त्यांचा आक्षेप. ६१७४ लाही तो थोडा लागू पडतो. हा गुण दशमान पद्धतीशी बांधलेला आहे. अष्टमान पद्धतीत हीच संख्या लिहायला पाच अंक लागतात. पण म्हणून ती निकालात काढणे आम्हांला पटत नाही. दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात; पाच अंकी ५३९५५ व ५९९९४ एकमेकींत अडकतात. मग स्थिर संख्या केव्हा मिळते? हा प्रश्न व्यापकच आहे.

शिक्षकांनी सुरुवात तीन अंकांपासून करावी. तेथे वजाबाकी ९९(क − ग) एवढीच, म्हणून शक्यता फक्त नऊ. त्या सर्व ४९५ वर पोचतात का, हे वर्गानेच तपासावे.